झुल्यावरच्या बाईचे पाय

किसन गाडेकर वारल्याची बातमी खरी आहे की नाही, हे पडताळण्यासाठी मी तीन फोन केले. पहिला ज्या नंबरवरून बातमी आली त्याच नंबरवर, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाला. दुसरा पैठणला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला. आणि तिसरा थेट किसनच्याच मोबाइलवर. वाचकांना हे विचित्र वाटेल, पण मी सारी नोकरी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली आहे. दुकानदार ‘काटा बरोबर आहे’ म्हणाला, की तो बरोबर नसणार, असं धरूनच माझा दिवस सुरू व्हायचा. त्यातून तो रविवार होता. रविवारी सकाळी दहाला आमचा डाव ठरलेला असायचा, आणि गेली तीन वर्षं किसन जवळजवळ प्रत्येक डाव माझ्याकडून हरत होता. शुक्रवारी तो म्हणाला होता की भावाकडं जाऊन येतो, मेंढरं कातरायची आहेत. मला वाटलं, हरून हरून कंटाळला, म्हणून कारण काढलं. त्यामुळं भावाचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता हे काय नवीन... लिहिताना लाज वाटते, पण आलं. तिसरा फोन बराच वेळ वाजला आणि सुमनवहिनींनी उचलला. किसनची बायको. नवऱ्याचा फोन त्यांच्या हातात होता. मागं मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं आणि बायकांचं रडणं. तेव्हा कुठं मी खुर्चीवर बसलो.

आम्ही दोघं पुंडलिकनगरात समोरासमोर राहायचो. मी शेतीवाडीच्या घरातला, नोकरीपायी संभाजीनगरात आलेला. तो पैठणकडचा, मेंढपाळाच्या घरातला. दहावी झाल्यावर चितेगावच्या एका कारखान्यात रंगखात्यात चिकटला आणि तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झाला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला शेवटपर्यंत ‘साहेब’ म्हणत राहिला. जन्मभर पत्र्यावर रंग मारून त्याच्या तळहाताला एक वेगळंच शहाणपण आलं होतं. कुठलीही वस्तू समोर आली की तो आधी तिच्यावरून हात फिरवायचा आणि मग बोलायचा. आमच्या नव्या फ्रिजच्या दारावरून हात फिरवून त्यानं सांगितलं, की ह्याला दुसऱ्यांदा रंग मारलाय. मी दुकानदाराला तीन दिवस छळलं, तेव्हा त्यानं कबूल केलं की गोदामात दार खरचटलं होतं. त्या दिवसापासून मला किसनबद्दल आदर वाटायला लागला. आणि खरं सांगायचं तर थोडी धास्तीही. ज्याच्या हाताला इतकं कळतं, तो त्या हातानं आणखी काय काय करत असेल, असं माझं डोकं चालायचं.

स्टेशनच्या बाजूचं एक जुनं हॉटेल बंद झालं आणि तिथलं सामान विकायला निघालं. लेणी बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी तिथं एके काळी खेळायची खोली होती, आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात एक पिनबॉलचं यंत्र धूळ खात पडलं होतं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार पायांवर उभी लांबट पेटी, वर काच आणि काचेखाली खेळणाऱ्याकडं उतरत येणारा लाकडी पाट. उजवीकडचा दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते आणि घंटांवर, रबरांवर आपटत खाली यायला लागते. खाली दोन छोट्या पट्ट्या असतात. पेटीच्या बाजूची बटणं दाबून त्या उडवायच्या आणि गोळीला पुन्हा वर टोलवायचं. नाही जमलं की गोळी मधल्या फटीतून गडप. त्या दोन पट्ट्यांना किसन ‘शिंगं’ म्हणायचा. पाटावर सर्कशीचं चित्र होतं. वर सिंह, बाजूला हत्ती आणि शिंगांच्या बरोबर वरच्या जागी झुल्यावर बसलेली गुलाबी कपड्यातली एक बाई, पाय खाली सोडलेले. यंत्र बघायला जाताना किसन मला मुद्दाम घेऊन गेला. म्हणाला, “साहेब, तुमी संगं असले की कुणी फशिवणार नाय.” मी वायर, कुलूप, पाय सगळं तपासलं, चार खोडी काढल्या, आणि शेवटी मलाच मोह झाला. निम्मं त्याचं, निम्मं माझं असं ठरलं. आमच्या हिनं ‘घरात आधीच एक कटकट आहे’ असं सांगितल्यामुळं ते किसनच्या बाहेरच्या खोलीत ठेवलं. म्हणजे काच उघडायची किल्ली त्याच्याकडं राहिली. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचत होती.

आणलं तेव्हा त्या बाईची डावी टाच उडालेली होती. रंग जाऊन खाली लाकूड दिसत होतं. गोळी सगळ्यात जास्त तिथंच फिरते, शिंगांवरून सुटलेली प्रत्येक गोळी त्या पायांवरून जाते. किसननं पाच आठवडे दुसरं काही केलं नाही. केसाएवढ्या ब्रशनं तो टाच रंगवायचा, वाळू द्यायचा, वर पारदर्शक लॅकर मारायचा, बारीक पॉलिशपेपरनं घासायचा, पुन्हा मारायचा. जुन्या आणि नव्या रंगाचा सांधा नखालाही लागू नये असा त्याचा हट्ट होता. “पायच ऱ्हायले नाय तर ती झोका कशी घेईल?” असं एकदा म्हणाला. मी हसलो, पण तो हसला नव्हता. टाच पुरी झाली त्या दिवशी त्यानं सुमनवहिनींना बोलावून दाखवलं, आणि वहिनी म्हणाल्या, आमच्या पायांच्या भेगा कधी भरणार ते सांगा.

मग सुरू झालं शनिवारचं मेण. इतकी वर्षं मी ते बघितलं, म्हणून डोळे मिटूनही सांगू शकतो. दुपारी चारच्या सुमाराला त्या खोलीत खिडकीतून तिरपं ऊन यायचं, आणि तिरप्या उजेडात पाटावरचा डाग न डाग दिसतो, म्हणून तीच वेळ. आधी काच सरकवून काढायची आणि गादीवर आडवी ठेवायची. गोळ्या बाहेर काढून उजेडात फिरवायच्या. जिच्यावर नखाला ओरखडा लागेल ती बाद, कारण खरवडलेली गोळी पाट कुरतडते. मग मऊ ब्रशनं धूळ, मग कोरड्या फडक्यानं रबराची काळी भुकटी. पाणी कधीच नाही, पाण्यानं लाकूड फुगतं. त्यानंतर मोंढ्यातल्या रंगाच्या दुकानातून आणलेली मेणाची डबी, गाड्यांना लावतात ते घट्ट पिवळं मेण. ते बोटाच्या पेराएवढं घेऊन तो गोल गोल लावत जायचा. वाळून त्याचा पांढुरका थर दिसायला लागला, की घासायला घ्यायची जावळाची लोकर. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. तेवढी मऊ लोकर पुन्हा त्या जनावराला येत नाही. दर वर्षी भाऊ एक गाठोडं पाठवायचा, नाहीतर किसन स्वतः एसटीनं जाऊन आणायचा. “मेण दिसलं नाय पायजे, साहेब. हाताला कळलं पायजे,” म्हणायचा. आणि एक नियम त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितला होता, की जिथला रंग गेलाय तिथं मेण लावायचं नाही. लाकडानं एकदा मेण पिलं, की मग ते रंग धरत नाही. मी मान हलवायचो. लक्ष माझं दुसरीकडंच असायचं.

ते कुठं असायचं हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. आमच्या गावी उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवायची पद्धत आहे. खतासाठी. माझे वडील स्वतः जाऊन मेंढपाळांना बोलावून आणायचे, त्यांच्या तळावर ज्वारी पाठवायचे, गोड बोलायचे. आणि सकाळी उठून पहिल्यांदा बांधावरून चक्कर मारायचे, यांची मेंढरं शेजारच्या उसात शिरली का, आंब्याचा पाला कुणी ओरबाडला का ते बघायला. एकदाही काही सापडलं नाही. पण चक्कर चुकली नाही. ‘बोलवायचं, पण नजर ठेवायची,’ हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि पुढं खात्यात त्याचा पगार घेतला. किसनबरोबर मी वीस वर्षं जेवत-खात आलो, त्याच्या मुलीला मांडीवर खेळवलं. पण ती सकाळची चक्कर माझ्या आतून काही गेली नाही. हे मी त्याच्याजवळ कधी बोललो नाही. तो ओळखून होता की नाही, ते मला माहीत नाही.

रविवारी दहाला डाव. प्रत्येकी पाच गोळ्या, आकडा जास्त तो जिंकला. आणि पहिली खेळी नेहमी माझी. “साहेब, आधी तुमी,” असं म्हणून तो बाजूच्या स्टुलावर बसायचा. पहिल्या वर्षी मला हा मान वाटला. दुसऱ्या वर्षी मी हरत राहिलो, आणि मग माझी ट्यूब पेटली. ताज्या मेणावर गोळी भयंकर पळते. वरून सुटली की डोळ्याला दिसायच्या आत शिंगांमधून पार. माझ्या पाच गोळ्या होईपर्यंत पाटावर थोडी भुकटी जमायची, वेग जरासा मरायचा, आणि मग हा उठायचा, शांतपणे. त्यातून मेण त्यानं स्वतः लावलेलं, म्हणजे कुठं जाड आणि कुठं पातळ हे त्यालाच ठाऊक! बाजारात मी असले काटे शेकड्यांनी पकडले होते. एकदा सापडलं की सगळंच जुळत जातं. तो मला आधी चहा पाजायचा, म्हणजे माझे हात गरम आणि ढिले. तो मला स्टुलावरून ‘वा’ म्हणायचा, म्हणजे माझं लक्ष उडवायला. मी एकदा गवंड्याकडून लेव्हल मागून आणली आणि पेटीवर आडवी ठेवून बुडबुडा बघितला. बरोबर मध्ये होता. दुसऱ्यांदा खिशातून लोहचुंबक आणलं आणि पेटीच्या बुडाशी फिरवलं. किसन स्टुलावर बसून बघत होता. त्यानं विचारलंसुद्धा नाही, की साहेब काय शोधताय. हे न विचारणंही मी मनात नोंदवून ठेवलं.

मग तो दिवस. त्याच्या मुलीला बघून गेलेले लोक बोलणी पक्की करायला आले होते. नेमका रविवार. किसननं मलाही बोलावलं होतं, घरचा मोठा माणूस म्हणून. पोहे झाले, आणि त्यानं पाहुण्यांना मोठ्या हौसेनं यंत्र दाखवलं, बाईची टाच दाखवली, कुठली नवी आणि कुठली जुनी ते ओळखा म्हणाला. होणारे व्याही खूश झाले. म्हणाले, खेळून दाखवा. किसननं सवयीप्रमाणं मला पुढं केलं. “साहेब, आधी तुमी.” आदल्या दिवशीचं मेण, नव्यानं बदललेली गोळी. माझ्या पाचही गोळ्या मिनिटा-दोन मिनिटांत संपल्या. कुणीतरी हसलं. आणि मी त्या भरल्या खोलीत म्हणालो, “याच्या हातचं मेण आहे हे. मला हरवायला लावतो. दुकानात असता तर मी याच्या काट्याला सील ठोकलं असतं.”

चेष्टेत बोलल्यासारखं केलं, पण आवाज चेष्टेचा नव्हता. सगळ्यांना कळलं. व्याह्यांनी बशीत बघितलं. वहिनी दारात कपांचा ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आणि किसन... किसननं काचेवरचं माझ्या बोटांचं धुकं खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि एवढंच म्हणाला, “बरं साहेब. तुमी म्हणाल तसं.”

लग्न ठरलं, झालं, मुलगी पुण्याला गेली. माझ्या बोलण्यानं काही बिघडलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. किसन एका शब्दानं काही म्हणाला नाही, आणि खरा माणूस तडकून उठला असता, हा गप्प बसला म्हणजे गुन्हा कबूल, असा निकाल मी घरी येऊन दिला. आमची ही म्हणाली, तुम्हाला माणूस आणि काटा यातला फरक कळत नाही. मी पेपर वाचत राहिलो.

आणि बघा, पुढच्या दोन-चार आठवड्यांत मी जिंकायला लागलो. गोळी आधी अंगात आल्यासारखी पळायची, ती आता तशी पळेनाशी झाली. नीट दिसायची, शिंगावर बसायची, म्हणेन तिथं जायची. मला आणखी कसला पुरावा हवा होता? पकडला गेला, म्हणून सुधारला, असं मी मनाशी पक्कं केलं आणि उदारपणानं त्याला माफही करून टाकलं. शनिवारी मी त्याच्याकडं जाणं बंद केलं, कारण तिथं आता लक्ष ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. उलट खेळायच्या माझ्या फेऱ्या वाढल्या. आधी फक्त रविवार होता, मग बुधवार आला, मग शुक्रवार, आणि पुढं पुढं तर चहा झाला की मी रस्ता ओलांडून तिकडंच. तीन वर्षं. एकट्यानंही खेळत बसायचो. किसन स्टुलावर बसून बघायचा. त्याची खेळी आली की दोन-तीन गोळ्या खेळून उठायचा, आणि मला शंका यायची की हा मुद्दाम हरतोय का, आणि हरतोय तर का. मी त्याच्या हातांवर नजर ठेवायला लागलो. खेळताना मी गोळीकडं बघायचो, तो खेळताना त्याच्या हातांकडं. पाटाकडं मी तीन वर्षांत बघितलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी त्याच्या पाच गोळ्या फार लवकर गेल्या. डावा हात बटणावरून घसरत होता. मी म्हणालो, किसन, नीट खेळ, फुकटचा विजय नको मला. तो म्हणाला, हातात जोर नाय ऱ्हायला साहेब. मग त्यानं काचेवर, शिंगांच्या वरच्या जागी, तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मला वाटलं, दमला असेल. नंतर वाटलं, हरल्याचं नवं कारण शोधतोय. मी चपला घातल्या. जाताना त्यानं गावी जायचं सांगितलं, जावळ कातरणार आहेत म्हणाला. मी वळूनही बघितलं नाही, रस्त्यावरूनच बरं म्हणालो. शनिवारी तो वहिनींना घेऊन गावी गेला आणि रविवारी पहाटे भावाच्या घरच्या अंगणात, बाजेवरच, छातीत कळ येऊन संपला.

तेरावा झाल्यावर सुमनवहिनींनी मला बोलावलं. मुलगी-जावई पुण्याला परत निघाले होते, वहिनींना थोडे दिवस घेऊन जाणार होते. वहिनींनी काच उघडायची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, तुमचं निम्मं आहे, आता सगळंच तुमचं. मी किल्ली घेतली आणि तेव्हाही, खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात आलं की इतक्या सहज का देतायत. आतून एखादा भाग काढून घेतलाय का? म्हणून मी तिथंच काच काढली. दुपारची वेळ होती, चार वाजत आले होते. खिडकीतून तिरपं ऊन पाटावर पडलं होतं.

झुल्यावरच्या बाईला पाय नव्हते. डावी टाच, जी त्यानं पाच आठवडे रंगवली होती, ती गेली होती. उजवा पाय गेला होता. गुडघ्यांच्या खाली नुसतं करडं, खरबरीत लाकूड. हत्तीच्या सोंडेवर काळ्या रेघा ओढल्या होत्या. सिंहाच्या जबड्यापाशी रंगाचे पापुद्रे उभे राहिले होते. मी हात फिरवला. माझ्या हाताला कधी काही कळलं नाही, पण त्या दिवशी कळलं. पाट कोरडा होता. मेणाचं बोट लागून किती वर्षं झाली असतील, ते सांगायला फोरमनची गरज नव्हती.

“वहिनी, मेण कधी लावलं होतं याला?” मी विचारलं.

वहिनी आतून मेणाची डबी घेऊन आल्या. झाकण गंजून बसलं होतं, मी चमच्यानं उचकटलं. आतलं मेण वाळून त्याला आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या. मग त्यांनी कपाटाच्या वरून जावळाची तीन गाठोडी काढली. तीन वर्षांची तीन. पहिल्या दोहोंची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती, आणि तिसरं नुकतंच गावाहून आलं होतं, किसनच्या देहाबरोबर.

“तुमी पाव्हण्यांसमोर बोलले ना, त्या दिसापासनं त्यांनी डबी उघडली नाय,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हणलं, अहो त्या बाईचे पाय चालले. तर म्हणले, जाऊ दे. साहेबांच्या मनात संशय ऱ्हायला नाय पायजे.” गाठोड्यांवरची धूळ झटकत म्हणाल्या, “आन् ताज्या मेणावर पहिली गोळी खेळायची लई हौस होती त्यांना. तिच्यासारखी गोळी आठवडाभर पळत नाय म्हणायचे. पण कधी खेळले नाय. साहेबांची आधी, म्हणायचे.”

वहिनींनी माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चहा टाकला.

तेव्हापासून पाच-सहा आठवडे झाले आणि मला झोप लागत नाही, असं काही मी म्हणणार नाही. झोप लागते. पण दिवसा, भाजी घेताना, रिक्षात बसताना, एक प्रश्न येऊन उभा राहतो. त्यानं मेण बंद केलं ते मला जपण्यासाठी, की मला धडा शिकवण्यासाठी? रोज मी खेळत होतो, माझ्याच हातानं त्याची पाच आठवड्यांची मेहनत झिजत होती, आणि तो स्टुलावर बसून ते बघत होता. एकदा तोंडानं सांगायला काय हरकत होती? की मी आपणहून बघेन, याची तो तीन वर्षं वाट बघत होता? मी हे आमच्या हिला विचारलं. ती म्हणाली, “तो मेल्यावरसुद्धा तुम्ही त्याचा काटाच तपासताय.” आणि रडायला लागली. मग मीही रडलो. मला किसनची फार आठवण येते, एवढं एक मात्र मी कुठल्याही पडताळणीशिवाय लिहून देतो.

यंत्र मी आमच्याकडं आणलं नाही. वहिनी पुण्याला आहेत आणि घराची किल्लीही माझ्याकडंच ठेवून गेल्यात. माझ्याकडं! मोंढ्यातल्या त्याच दुकानातून मी नवी डबी आणली. गेल्या शनिवारी दुपारी कुलूप उघडून आत गेलो, काच काढून गादीवर ठेवली, गोळ्या उजेडात फिरवून बघितल्या आणि दोन बाद केल्या. धूळ काढली. रबराची भुकटी पुसली, फडकं काळं होईपर्यंत आणि मग दुसरं फडकंही काळं होईपर्यंत. तिसरं गाठोडं, त्याच्या शेवटच्या फेरीतलं, सोडलं. लोकरीला अजून मेंढरांचा वास होता. सिंहाला मेण लावलं, हत्तीला लावलं, बाईच्या झुल्याच्या दोरांना लावलं, गुडघ्यापर्यंत आलो आणि थांबलो. उघड्या लाकडाला मेण लावायचं नाही. उद्या कुणी रंगवणारा भेटला तर त्याला रंग धरायला जागा राहिली पाहिजे. त्या जागेच्या कडेकडेनं मी बोट फिरवत गेलो, आत कुठं लागू नये म्हणून श्वास धरून. माझं मेण दिसत होतं, जाड लागलं होतं. किसननं पुन्हा घासायला लावलं असतं.

रविवारी दहाला गेलो. दांडा ओढला आणि सोडला. ताज्या मेणावरची पहिली गोळी घंटांवर आपटून वरून अशी सुटली, की मी बटण दाबायच्या आत बाईच्या नसलेल्या पायांवरून शिंगांमधून पार झाली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मी झटकन वळून त्याच्या हातांकडं बघितलं. स्टुलावर मेणाची डबी होती. झाकण लावायचं मी विसरलो होतो.